ताईची चिनी बाग

राग गिळावा म्हणतात. मी नाही गिळला. इतकी वर्षं झाली, बाबा गेले, आत्या गेली, ती बाग तर त्याच उन्हाळ्यात मोडून बैलगाड्यांवर लादून नेली, तरी कुणी 'चिनी बाग' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सून म्हणते, "आई, जाऊ द्या ना आता." का जाऊ द्या? ज्यांचं काही गेलं नाही त्यांना जाऊ द्या म्हणायला काय जातं?

तेव्हा आम्ही अंधेरीला पूर्वेकडे राहायचो, बैठ्या चाळीत. मागच्या दारातून बघितलं की थेट मरोळपर्यंत भातशेती. बाबा गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे. आठवड्याला एक सुट्टी, ती झोपण्यात जायची. आम्ही दोघी बहिणी. मी सतराची, ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बाबांनी आम्हाला कधी कुठे फिरायला नेलं असेल तर आठवत नाही. तीन मैलांवर जुहूचा समुद्र, तोही आम्ही शेजारच्या काकूंबरोबर बघितलेला.

ताईला लहानपणी देवी आल्या होत्या. जगली, पण चेहऱ्यावर वण राहिले. गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर. आम्हाला ते दिसायचेच नाहीत. रोजचा चेहरा, त्यात काय बघायचं? पण ती लग्नाची झाली आणि मग बाहेरची माणसं येऊन आम्हाला ते वण दाखवायला लागली. तीन-चार मंडळी पोहे खाऊन, चहा पिऊन, 'कळवतो' म्हणून गेली. शेवटी जे आले त्यांच्यातला मुलाचा मामा तर उठला, ताईची हनुवटी दोन बोटांत धरली आणि तिचं तोंड खिडकीकडे वळवलं, उजेडात. बाजारात दुधी भोपळा वळवून बघतात तसं. आणि माझे बाबा समोर बसून बघत राहिले. मेल्याचा हात तिथल्या तिथे झटकायला हवा होता की नको?

त्या दिवशी ती मंडळी गेल्यावर ताई कपबशा विसळून आली आणि बाबांच्या समोर उभी राहिली. ताई कधी मोठ्याने बोलायची नाही, तेव्हाही नाही बोलली. म्हणाली, "बाबा, मला आता कुणापुढे बसवू नका. लग्न नाही झालं तरी चालेल. मी शिवणकाम करीन, तुमच्यावर भार नाही होणार. पण परत बसवू नका."

बाबांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. मी तिथेच होते, माझ्या कानांनी ऐकलं. पुढे ते म्हणायला लागले की मी बरं म्हणालो ते तिची समजूत काढायला. मी सांगते, बरं म्हणजे बरं.

आता आत्या. बाबांची थोरली बहीण, मुलुंडला राहायची. तरुणपणीच नवरा गेलेला. पण घराघरातली लग्नं जुळवायची तिला भारी हौस. कोकणातल्या निम्म्या घरांच्या पत्रिका तिला तोंडपाठ. ती आमच्याकडे आली की आईशी कुजबुज सुरू व्हायची, मग आईची बाबांशी. त्या वर्षी संक्रांत झाल्यावर तिचं येणं फारच वाढलं. मला वाटायचं, तिळगूळ संपेपर्यंत येते आहे.

त्याच सुमाराला जुहूच्या वाटेवर ती चिनी बाग लागली होती. गावठाणातल्या एका ख्रिस्ती शेतकऱ्याने भात कापून झाल्यावर आपलं शेत एका शेठला मोसमापुरतं भाड्याने दिलं, आणि शेठने तिथे चिनी दंतकथांची बागच उभी केली. ते दिवस हिंदी-चिनी भाई-भाईचे. पोरंसोरं गल्लीत लगोरी खेळतानासुद्धा ते ओरडायची. बागेची जाहिरात भिंतीभिंतींवर: उडता सर्प पाहा, चंद्रावरची राणी पाहा, पाताळातला न्यायाधीश पाहा. ताई दुकानात दोरा आणायला गेली की त्या भिंतीसमोर थांबायची. एकदा मला म्हणाली, "त्यांच्याकडेही चंद्रावर ससा आहे गं. आपल्यासारखाच." जायला मिळेल असं तिच्या मनातही नव्हतं.

आणि एका शनिवारी बाबा जेवताना एकदम म्हणाले, "उद्या आपण चिनी बाग बघायला जाऊ."

ताईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "आपण?"

"तुम्ही दोघी आणि मी. आईला घरी काम आहे."

आई ताकाच्या भांड्यात बघत होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सतराव्या वर्षी बागेचं नाव निघाल्यावर कोण शंका घेतं?

ताई त्या रात्री किती बोलली! एरवी दिवसभरात जितकं बोलायची तितकं अंथरुणावर पडल्या पडल्या बोलली. सकाळी उठून तांब्यात निखारे घालून तिने आमची दोन्ही पातळं इस्त्री केली. दोन्ही एकसारखी. बाबा गिरणीतून स्वस्तात कापड आणायचे, एकाच ठाणातून दोघींना, म्हणून आमचं सगळं सारखंच असायचं. फिकट निळ्यावर पांढरे ठिपके. चाळीतली पोरं आम्हाला बँडवाल्या म्हणायची.

निघायच्या वेळी आईने अबोलीची वेणी आणली आणि ताईच्या केसात माळली. एकच वेणी. मला काही नाही. मी बघितलं आणि गप्प बसले. खोटं कशाला बोलू, जरा लागलं मला. पण बोलले नाही. ताईला मात्र ते बघवलं नाही. चाळीच्या फाटकाबाहेर पडलो, बाबा पुढे चालत होते, तेवढ्यात तिने स्वतःच्या डोक्यातली वेणी काढली आणि माझ्या डोक्यात माळली. "आईचं काहीतरीच. धाकटीला सोडून थोरलीला फुलं देतात का कुणी? वळ तिकडे, पिन लावते." आमच्या घरात असंच होतं. गोड पहिलं धाकटीला, फूल पहिलं धाकटीला. थोरलीने द्यायचं. हे ताईला कुणी शिकवलं? याच लोकांनी शिकवलं.

बाबांनी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं. गिरणीत आयुष्यभर रंगीत सूत हाताळलेला माणूस, पण घरात बायकोने काय नेसलंय, पोरीने काय माळलंय, पत्ता नसायचा.

बागेच्या दाराशी दोन सिंह, कुरळ्या केसांचे, एकाच्या पंजाखाली चेंडू. दारावर लाल कमान. आत शिरलं की बांबू आणि गोणपाटावर चुना-माती थापून केलेला मोठा सर्प, अंगभर हिरवे खवले, पोटाखाली चार पाय, तोंडातून पाण्याची पिचकारी. पोरं खाली उभी राहून भिजत होती. जिकडे तिकडे नुकतेच पेटवलेले तांबडे कागदी कंदील. आणि प्रत्येक देखाव्यापाशी एक माणूस पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून गोष्ट सांगत होता, कुठे मराठीत, कुठे हिंदीत, घसा बसेपर्यंत.

ताई वेडी झाली होती. तिने पाताळातला न्यायाधीश बघितला, त्याच्या पुढ्यात पापं मोजणारे शिंगवाले बघितले आणि म्हणाली, "आपल्या चित्रगुप्ताची माणसं दिसतात." मला हसू फुटलं. चंद्रावरच्या राणीपाशी ती उभी राहिली तर हलेचना. ससा खरंच होता, उखळात औषध कुटत होता. ती माझा हात धरून एका देखाव्याकडून दुसऱ्याकडे पळत होती, तेवीस वर्षांची बाई! आणि मागून बाबा, "चला, चला, पुलाकडे चला. पूल बघण्यासारखा आहे." दर दोन मिनिटांनी पूल. मी वैतागून म्हटलंसुद्धा, "बाबा, पूल काय पळून जातोय?"

पुलाच्या अलीकडेच एक देखावा होता. आकाशातली एक मुलगी मागावर बसून ढग विणते आहे. खरा लाकडी माग केला होता, त्यावर पांढरं सूत ताणलेलं. ताईने बाबांची बाहीच धरली. "बाबा, बघा! तुमच्यासारखी साचेवाली!"

भोंगेवाला सांगत होता की ही मुलगी एकदा पृथ्वीवर आली, एका गरीब गुराख्याशी तिचं लग्न झालं, दोन मुलं झाली, पण आभाळातल्या आईला ते खपलं नाही आणि तिने मुलीला ओढून परत नेलं. गुराखी पोरांना कावडीत घालून मागे धावला, तर त्या आईने केसातला काटा काढून आभाळावर रेघ ओढली आणि त्या रेघेची नदी झाली.

"मग?" ताई पुटपुटली.

"चल पुढे," बाबा म्हणाले. त्यांनी त्या मागाकडे नजरसुद्धा टाकली नाही. कपाळावर घाम आलेला, माघातल्या संध्याकाळी. "उशीर होतोय. पुलापाशी बसू. चल म्हणतो ना!"

ते असं कधी ओरडायचे नाहीत. ताई निघाली, पण मान मागे वळलेलीच. मला म्हणाली, "पुढे काय झालं गं तिचं?"

तो पूल म्हणजे छोट्या तळ्यावरची लाकडी कमान, दोन्ही बाजूंनी कागदी पाखरं बांधलेली. पुलाच्या पलीकडे एक लांब बाक होतं. बाकावर एक जाडजूड बाई नऊवारी नेसून, शेजारी काळ्या टोपीतला नवरा आणि कडेला कोटाच्या खिशाला पेन अडकवलेला तरुण, फुटाणे खात. बाबा त्यांच्याकडे बघायचे आणि चटकन दुसरीकडे बघायचे. आम्हाला म्हणाले, "पुलावरून जाऊन या दोघी. मी इथे बसतो." आणि अलीकडच्या दगडावर बसून चपलांकडे बघत राहिले.

आम्ही पुलावर चढलो. ती बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. पाय बघितले, चाल बघितली, चेहरा बघितला. आम्ही खाली उतरलो तशी तिने मला हाक मारली. "अगं बाळ, पाणी कुठे मिळेल गं इथे?"

मी हात करून दाखवलं, कमानीपाशी माठ आहेत म्हणून.

"गोड आवाज आहे," ती नवऱ्याला म्हणाली. मला नाही, त्याला. मग मला, "कितवीपर्यंत शिकलीस? स्वैपाक येतो का गं सगळा?"

"का? भूक लागली का तुम्हाला?" मी म्हटलं. अनोळखी बाईने असं विचारल्यावर दुसरं काय म्हणणार? तो पेनवाला फुटाणे चावता चावता हसला. मला त्याच्या खिशातलं पेन काढून समोरच्या तळ्यात फेकावंसं वाटलं होतं. फेकायला हवं होतं.

ताई माझ्या शेजारीच होती. बोलणं लांबतंय बघून ती माझा हात धरायला मध्ये आली, तर ती बाई मान वाकडी करून ताईला म्हणाली, "जरा बाजूला हो गं, दिसत नाही."

"हो, हो," म्हणत ताई बाजूला झाली. आणि तशीच मागे मागे सरकत, पूल ओलांडून, त्या मागावरच्या मुलीपाशी गेली. बाबांना वाटलं, झालं, बघून झालं. उठले, धोतर झटकलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. वाटेत त्यांनी ताईला कागदाचा पंखा घेऊन दिला, चिनी फुलांचा. घरी येईपर्यंत ती त्याने मला वारा घालत होती, थंडीचे दिवस असूनसुद्धा, आणि आईला दारातूनच सांगायला लागली, "आई, तू यायला हवं होतंस!" आईने तिचा चेहरा नुसता कुरवाळला. मला वाटलं, किती माया आहे.

चारेक दिवस गेले असतील. दुपारी आत्या आली ती थेट पेढ्यांचा पुडा घेऊन. बाबा रात्रपाळी करून झोपलेले, ते उठून बसले. ताई खिडकीपाशी हातमशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती. मी तांदूळ निवडत होते. आत्या दारात चप्पल काढतेय न काढतेय तोच, "अगो, तोंड गोड करा! चेडू पसंत केल्यानी!"

मशीन थांबलं. "कुठली मुलगी, आत्या?" ताईने विचारलं.

आता काय, काम फत्ते झालं होतं, लपवायचं कशाला? आत्याने सगळं भडाभडा ओतलं. मुलुंडचं घर, मुलगा टपालात, एकुलता एक. ताई पुन्हा कुणापुढे बसणार नाही म्हणून हट्टाला पेटली, म्हणून ही युक्ती. तिला कळूच द्यायचं नाही. बागेत फिरायला म्हणून न्यायचं, पुलापाशी मंडळी बसतील, बघून घेतील, कुणी कुणाशी ओळख दाखवायची नाही. दिवेलागणीला पोचायचं. कंदिलांच्या उजेडात वण काय दिसतायत! ओळखायचं कसं? दोघी बहिणी सारख्याच पातळात असतात, म्हणून खूण ठरली होती: थोरलीच्या केसात अबोलीची वेणी.

"आणि म्हणतत कसे," आत्या पेढा मोडत म्हणाली, "वण वण म्हणून सांगितलात, वण खंय दिसाकच नाय! आरशासारखो साफ चेहरो. बोलण्यात जरा फटकळ आसा म्हणतत, पण चलात."

पेढा घ्यायला पुढे झालेल्या आईचा हात अर्ध्यावर थांबला. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं ताईच्या गालावर. मग आईने माझ्याकडे बघितलं. "वेणी," आई म्हणाली, "वेणी तुझ्याच डोक्यात होती ना गं, ताई?"

"मी तर हिला माळली होती," ताई म्हणाली. "फाटकाबाहेर पडल्या पडल्याच."

आत्याने मोडलेला पेढा परत पुड्यात ठेवला. शेजारच्या घरात पाट्यावर काहीतरी वाटणं चाललं होतं, तेवढाच आवाज.

तुम्ही म्हणाल, ही चूक झालीच कशी? अहो, अशी चूक आमच्याच लोकांत होऊ शकते. सगळं जुळवलं आत्याने, दोन्ही घरं तिच्या ओळखीची, दोघींची तोंडं तिला माहीत. ती एक जरी त्या बाकावर बसली असती तरी बोट दाखवून सांगितलं असतं, ही नव्हे, ती. पण ती आली नव्हती. का? तर विधवा! शुभकार्यात पहिल्या भेटीला विधवेची सावली नको. हे तिला कुणी सांगावंही लागलं नाही, ती आपली आपणच घरी बसली. सगळ्यांचे संसार मांडून द्यायचे तिने आणि वेळेला तोंड लपवायचं तिनेच. बाबांनी ती माणसं कधी पाहिलेली नाहीत, त्या माणसांनी आम्हाला पाहिलेलं नाही, आणि बोलायचं तर कुणीच कुणाशी नाही. मग वेणी जिच्या डोक्यात ती नवरी. शहाणपण बघा!

आत्याच सावरली आधी. "मगे काय," ती म्हणाली, "धाकटी पसंत पडली म्हणायचां. देवाच्या मनात तसांच असात."

मला वाटलं, आता बाबा ताडकन काहीतरी बोलतील. बाबांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "स्थळ चांगलं आहे. आलेलं स्थळ परत तरी कसं पाठवायचं? एकीचं तरी मार्गी लागलं तर..."

"बाबा!" मी उठले ते तांदळाचं सूपच उलटं झालं. "एकीचं? तुम्ही तिला शब्द दिला होतात! माझ्यासमोर दिला होतात! तिला फसवून तिथे उभी केलीत, अंधारात, आपल्याच पोरीचं तोंड झाकायला कंदील शोधलेत, आणि आता मी चालेन? ती मेली भवानी परत दारात आली ना, तर चहात मीठ घालून पाजीन! आणि आत्या, तू तर बोलूच नकोस!"

"तोंड बघा कसं चालतंय," आत्या म्हणाली. आई रडायला लागली. बाबा म्हणाले, "आवाज खाली. चाळ ऐकतेय."

"ऐकू दे चाळीला!"

खरंच ऐकत होती चाळ. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्यांना बोलू नये ते बोलले आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. वाटतं ते हे, की त्या सगळ्या आरडाओरड्यात ताईला काय होतंय ते मी बघितलंच नाही. मी तिच्यासाठी भांडत होते आणि माझी पाठ तिच्याकडे होती.

तिचा आवाज आला तेव्हा मी वळले. मशीनच्या चाकावर हात तसाच होता. तिने ना आत्याकडे बघितलं ना माझ्याकडे. बाबांना म्हणाली, "म्हणजे आपण फिरायला गेलो नव्हतो?"

"अगं, फिरलोच की," बाबा म्हणाले. "बघितलंस ना सगळं? तो सर्प, तो ससा..."

"मी काय बघितलं ते मला माहीत आहे, बाबा. तुम्ही मला कशाला नेलंत ते विचारते आहे."

बाबा म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच गं."

"मला वाटलं, तुम्हालाच मला न्यावंसं वाटलं," ती म्हणाली. मग पोलकं सुईखाली सरळ करत, "ती बाई मला बाजूला हो म्हणाली होती. मी झाले." एवढंच बोलली आणि चाक फिरवायला लागली. पोलक्याची बाही संध्याकाळी द्यायची होती.

पसंती-नापसंतीचं दुःख असतं तर मला कळलं असतं. तिला तशी सवय झाली होती बिचारीला. पण ती एक संध्याकाळ तिची होती हो! आयुष्यात एकदा बापाने आपणहून म्हटलं, चल, तुला बाग दाखवतो. तिने तांब्यात निखारे घालून पातळं इस्त्री केली होती त्यासाठी. तेवढंसुद्धा तिला नुसतं, फुकट, प्रेमाने मिळू नये? एका बागेलासुद्धा मुलीला न्यायचं तर आत काहीतरी सौदा हवाच?

मी त्या लग्नाला उभी राहिले नाही. दोन दिवस जेवले नाही, आईने मारलंसुद्धा, पण नाही. शेवटी आत्यानेच मुलुंडला जाऊन काहीतरी थाप मारली, पत्रिका जुळत नाही वगैरे. आमच्याकडे ती बरेच दिवस फिरकली नाही. मी पुढे माझं लग्न माझ्या मनाने केलं, तो वेगळा तमाशा. ताईने नाही केलं. तिने शिवणाचा वर्ग काढला, अंधेरीतल्या निम्म्या पोरी तिच्या हाताखाली शिकल्या. आईबाबांना शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं, आणि एका शब्दानेही कधी त्यांना टोचून बोलली नाही. त्याचाही मला राग यायचा. मी म्हणायची, "अगं, एकदा तरी ओरड त्यांच्यावर!" ती म्हणायची, "काय ओरडू? वाईट नाहीत गं ते."

वाईट नव्हते, ते मलाही माहीत आहे. वाईट असते तर मी केव्हाच विसरले असते त्यांना.

त्या प्रकरणानंतर महिनाभराने बाबा एका रविवारी तिला म्हणाले होते, "चल, देवळात जाऊन येऊ." ताई पीठ मळत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कोण येणार आहे?" टोमणा नव्हता तो. पाऊस येणार आहे का, छत्री घेऊ का, असं विचारतात ना, तसं विचारलं. बाबा म्हणाले, "कोणी नाही गं, शपथ." पण देवळात गेले ते एकटेच.

पुढे कित्येक वर्षांनी मी एकदा माहेरी गेले होते. बाबा गिरणीतून कधीच निवृत्त झालेले, ऐकू कमी यायचं, हात कापायचे. ताईने चाळिशी ओलांडलेली, कानांमागचे केस पांढरे झालेले. तिला बघायला आता कोण येणार होतं? संध्याकाळी बाबांनी चांगला सदरा घातला, चपला घातल्या आणि दारात उभं राहून म्हणाले, "ताई, चल गं, जुहूला जाऊन येऊ. नुसते बसू वाळूत. भेळ खाऊ."

ताईने वर्गातल्या पोरींचं कापड घडी करता करता त्यांच्याकडे बघितलं. चांगल्या सदऱ्याकडे बघितलं.

"कोण येणार आहे, बाबा?" ती म्हणाली.

बाबा उंबऱ्यावर बसले आणि चपला काढायला लागले.